यूएक्स शिकायचंय? फिग्मा नंतर उघडा, आधी माणसं बघा

यूएक्स, म्हणजे युजर एक्स्पीरियन्स (वापरणाऱ्याचा अनुभव) घडवण्याचं काम, शिकायचं ठरवलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी फिग्मा हे स्क्रीन डिझाइन करायचं टूल उघडतात, दोन-चार व्हिडिओ बघतात आणि एखाद्या गाजलेल्या अ‍ॅपचा होम स्क्रीन नव्याने रंगवून टाकतात. स्क्रीन देखणा होतो. पण तो आधीपेक्षा वापरायला सोपा झाला का, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं, कारण तो अजून कुणी वापरलेलाच नसतो. टूल काय, थोड्या सरावाने हाताखालून जातं. माणूस नेमका कुठे अडतो हे टिपणारी नजर यायला मात्र वेळ लागतो, आणि या कामात किंमत त्या नजरेलाच आहे. म्हणून या लेखात टूलची पाळी बरीच उशिरा येते. आणखी एक, प्रत्येक पायरीवर हाताने करायचं काहीतरी आहे. नुसतं वाचून पुढे गेलात तर फारसं काही हाती लागणार नाही.

पायरी १ : कुणासाठी, कशासाठी, कुठे

व्याख्यांवर फार वेळ घालवू नका, पण एक नीट समजून घ्या. आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकात वापरसुलभता तीन गोष्टींवर ठरते : काम पूर्ण होतं का, त्यासाठी किती वेळ आणि कष्ट पडतात, आणि वापरणाऱ्याला ते समाधानकारक वाटतं का. मात्र या तिन्हींच्या आधी तिथे एक अट आहे. वापरणारे ठरावीक, त्यांचं उद्दिष्ट ठरावीक आणि परिस्थितीही ठरावीक हवी.

खरी मेख या अटीतच आहे. 'आमचं अ‍ॅप युजर-फ्रेंडली आहे' या वाक्याला एकट्याने काहीच अर्थ नाही. रोज आठ तास तोच स्क्रीन वापरणाऱ्या कर्मचाऱ्याला दाट माहिती आणि कीबोर्ड शॉर्टकट हवे असतात. वर्षातून एकदा येणाऱ्याला तोच स्क्रीन भीतीदायक वाटतो. दोघांचंही बरोबर असतं.

यूएक्सचा आवाका याहून मोठा. जाहिरात दिसण्यापासून ते खातं बंद करण्यापर्यंतचा सगळा अनुभव त्यात येतो. डॉन नॉर्मन १९९३ मध्ये अ‍ॅपल कंपनीत गेले तेव्हा त्यांनी आपल्या पदाच्या नावातच 'युजर एक्स्पीरियन्स' घेतलं, आणि पुढे हा शब्द सगळीकडे पसरला. यूआय, म्हणजे युजर इंटरफेस, हा त्यातला डोळ्यांना दिसणारा भाग. एवढ्यावर काम भागतं.

पायरी २ : एक कंटाळवाणं काम घेऊन त्याची चिरफाड करा

सुरुवातीला चमकदार अ‍ॅप घेऊ नका. पासवर्ड बदलणं, पत्ता दुरुस्त करणं, सदस्यत्व रद्द करणं असं एखादं रुक्ष काम घ्या. ते स्वतः करा आणि प्रत्येक टप्प्याचा स्क्रीनशॉट काढा. वहीत तीन रकाने आखा : स्क्रीनने काय मागितलं, माझ्या मनात काय आलं, मी काय केलं.

समजा, विसरलेला पासवर्ड बदलताय. ईमेल टाकला की उत्तर येतं, 'हा ईमेल आमच्याकडे नोंदलेला असल्यास लिंक पाठवली आहे.' म्हणजे पाठवली की नाही? पाच मिनिटं वाट बघितल्यावर लिंक स्पॅममध्ये सापडते. नवा पासवर्ड टाकून बटण दाबलं की लाल अक्षरांत कळतं की एक अंक आणि एक कॅपिटल अक्षर हवं होतं. त्यातच दोन्ही रकाने रिकामे झालेले असतात. पुन्हा टाइप करा. शेवटी 'पासवर्ड बदलला' असं म्हणून साइट तुम्हाला लॉगिन पानावर सोडते आणि तोच पासवर्ड पुन्हा विचारते.

आता यातली प्रत्येक अडचण एकाच तराजूत तोलू नका. पहिलं संदिग्ध वाक्य मुद्दाम तसं लिहिलेलं असतं. कुठला ईमेल नोंदलेला आहे हे तिऱ्हाइताला चाचपून बघता येऊ नये, म्हणून. ती सुरक्षिततेसाठी मोजलेली किंमत आहे. 'मिनिटभरात ईमेल आला नाही तर स्पॅम फोल्डर बघा' एवढी ओळ जोडली तरी तिची झळ कमी होते. पासवर्डचे नियम आधी न सांगणं आणि रकाने पुसून टाकणं हा मात्र निव्वळ निष्काळजीपणा. नाइलाज कुठला आणि हलगर्जी कुठली, हा फरक लवकर ओळखायला शिका. नाहीतर तुमची टीका डेव्हलपरांच्या पहिल्याच बैठकीत उडून जाईल, आणि त्यात त्यांचा दोष नसेल.

पायरी ३ : माणसाच्या मर्यादा जाणून घ्या

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या बी-१७ विमानांत एक विचित्र अपघात वारंवार होत होता. विमान सुखरूप उतरायचं, आणि मग वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटवण्याऐवजी चाकंच आत घ्यायचा. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं तर दोन्हींचे स्विच शेजारी शेजारी आणि दिसायला सारखेच. त्याने चाकांच्या स्विचला चाकाच्या आणि फ्लॅपच्या स्विचला पंखाच्या आकाराची मूठ लावायचा उपाय केला. वैमानिकांना नव्याने शिकवण्यापेक्षा यंत्राला दोष देणं जास्त उपयोगी ठरलं. या क्षेत्राची बैठक हीच आहे. 'युजरची चूक' हे निदान शक्यतो स्वीकारायचंच नाही.

दुसरी घटना १९७९ ची, अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातली. तिथे दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. कंट्रोल रूममधला त्याचा दिवा मात्र विझला, आणि ऑपरेटरांनी व्हॉल्व्ह बंद झाला असं धरलं. प्रत्यक्षात तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता. बंद होण्याचा आदेश गेला, एवढंच तो सांगत होता. दोन तासांहून जास्त वेळ त्या व्हॉल्व्हमधून थंड करणारं पाणी निसटत राहिलं. हा दोष आजच्या अ‍ॅपमध्येही जसाच्या तसा भेटतो. बटण दाबताच 'सेव्ह झालं' अशी पट्टी दाखवायची, सर्व्हरकडून होकार आलेला असो वा नसो. युजर निर्धास्तपणे अ‍ॅप बंद करतो आणि माहिती गायब.

अशा गोष्टींमागचे काही नियम पाठ असलेले बरे. पॉल फिट्स यांचा १९५४ चा नियम सांगतो की लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका तिथे पोहोचायला जास्त वेळ लागतो. म्हणून मुख्य बटण मोठं आणि हाताशी हवं, तर 'डिलीट' हे 'सेव्ह'ला चिकटून नको. १९५२ चा हिकचा नियम म्हणतो की पर्याय वाढले की निर्णयाचा वेळ वाढतो. प्रतिसादाच्या वेळेबाबत तीन आकडे लक्षात ठेवा. ०.१ सेकंदात उत्तर आलं तर ते तत्काळ वाटतं. १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते. १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं, तेव्हा किती काम झालं हे दाखवावंच लागतं.

इथे एका गैरसमजापासून सावध राहा. जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या निबंधातला 'सात, अधिक-उणे दोन' हा आकडा पुढे करून 'मेन्यूत सातपेक्षा जास्त पर्याय नकोत' असं सर्रास सांगितलं जातं. मिलर बोलत होते ते तात्पुरत्या स्मरणाबद्दल. मेन्यू तर डोळ्यांसमोर असतो, तो कुणाला आठवायचा असतो? तो आकडा लागू करायचाच तर अशा ठिकाणी करा, जिथे एका स्क्रीनवरचा कोड लक्षात ठेवून दुसऱ्या स्क्रीनवर टाकायला लावलेलं असतं. त्यावरही खरा उपाय म्हणजे लक्षात ठेवायची वेळच येऊ न देणं.

पायरी ४ : दहा कसोट्यांवर तपासणी

जेकब नील्सन आणि रॉल्फ मोलिक यांनी १९९० मध्ये ह्युरिस्टिक तपासणीची, म्हणजे ठरलेल्या तत्त्वांवर स्क्रीन तपासून दोष शोधण्याची, पद्धत मांडली. नील्सन यांनी १९९४ मध्ये सुधारलेली दहा तत्त्वांची यादी आजही चालते. प्रणालीत काय चाललंय ते दिसावं, शब्द वापरणाऱ्याच्या भाषेतले असावेत, चुकलं तर सहज मागे येता यावं, सगळीकडे एकसारखेपणा असावा, चूक होण्याआधीच अडवली जावी, आठवायला लावण्यापेक्षा ओळखायला द्यावं, सराईताला जवळची वाट असावी, अनावश्यक पसारा नसावा, एरर मेसेजमधून उपाय कळावा आणि गरज पडेल तिथे मदत मिळावी.

दुसऱ्या पायरीतलं काम या दहा चाळण्यांतून पुन्हा काढा. सापडलेल्या प्रत्येक दोषाला ० ते ४ गुण द्या : ० म्हणजे हा दोषच नाही, ४ म्हणजे दुरुस्त केल्याशिवाय बाहेर सोडू नये. शक्य असेल तर आणखी दोघा-तिघांना हीच तपासणी स्वतंत्रपणे करायला सांगा आणि मग याद्या जुळवा. तुम्हाला न दिसलेलं त्यांच्या यादीत हमखास निघेल. एवढं करूनही हा अंदाजच असतो. तुम्हाला भयंकर वाटलेला दोष लोक सहज ओलांडून जातात, आणि ज्याकडे तुम्ही बघितलंही नव्हतं तिथे पाचातले चार जण अडकतात.

पायरी ५ : टेस्ट घ्या, आणि गप्प बसा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकी काही जमलं नाही तरी चालेल, ही सोडू नका.

आधी माणसं मिळवा. ज्यांना ते काम खरोखर करावं लागतं अशी. डिझाइन शिकणारे तुमचे मित्र नकोत, ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून वाट काढतील. सुरुवातीला दहा मिनिटं गप्पा मारा, पण प्रश्न भविष्याबद्दल विचारू नका. 'असं फीचर आलं तर वापराल का?' याला जवळजवळ प्रत्येक जण हो म्हणतो आणि त्या होकाराला काही अर्थ नसतो. त्याऐवजी विचारा, 'शेवटचं हे काम कधी केलं होतं? कसं केलं, जरा सांगाल?' घडलेल्या गोष्टीत तपशील असतो. 'मग मी स्क्रीनशॉट काढून मुलीला पाठवला' अशा एका वाक्यातून, तुमच्या डिझाइनला वळसा घालून लोक काय करतात ते कळतं.

मग काम द्या. '"माझी बुकिंग" उघडून "बदल करा" दाबा' असं सांगितलंत तर तुम्ही उत्तरच दिलंत. असं लिहा : 'तुम्ही १२ तारखेचं तिकीट काढलंय, पण आता १४ तारखेला जायचं ठरलंय. पुढे काय कराल?' स्क्रीनवरचा एकही शब्द कामाच्या वर्णनात येऊ देऊ नका.

सुरुवातीलाच दोन गोष्टी स्पष्ट सांगा. परीक्षा अ‍ॅपची आहे, तुमची नाही. आणि मनात येईल ते बोलत राहा. मोठ्याने विचार करायला लावण्याची ही पद्धत १९८० च्या दशकापासून वापरात आहे आणि तिच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी परवानगी घ्या.

आता कसोटी तुमची. समोरचे गृहस्थ 'रद्द करा'वर बोट नेतात, थांबतात, तुमच्याकडे बघतात.

'इथे दाबू का?'

तुमच्या ओठांवर 'नाही नाही, वर बघा' आलेलं असतं. ते गिळा. म्हणा, 'तुम्ही एकटे असता तर काय केलं असतं?'

'दाबलं नसतं. पैसे गेले तर?'

'असं का वाटलं?'

'इथे लिहिलंय ना, रद्द करा म्हणून. मला रद्द नाही करायचं, फक्त तारीख बदलायचीय. पण दुसरं काही दिसतच नाही.'

इतक्याशा संवादात तुम्हाला तीन गोष्टी मिळाल्या : तारीख बदलण्याची सोय दिसत नाही, लोक ती 'रद्द करा'च्या आसपास शोधतात, आणि पैसे जाण्याच्या धास्तीने पुढे जात नाहीत. 'वर बघा' म्हणाला असतात तर यातलं काहीच कळलं नसतं. शांतता अवघडल्यासारखी वाटते, म्हणून नवखे ती भरून काढतात. मनात दहापर्यंत आकडे मोजा. तेवढ्यात बहुतेक वेळा समोरचा माणूसच बोलतो.

टिपणं घेताना पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवा. 'गोंधळला' हा तुमचा निष्कर्ष. 'तीन वेळा मागे गेला, मग म्हणाला, आत्ता तर इथे होतं' हे निरीक्षण. निष्कर्ष नंतर काढता येतो, निरीक्षण निसटलं की गेलं. लोकांच्या कौतुकावरही फार विसंबू नका. काम न जमलेला माणूसही शेवटी 'छान आहे अ‍ॅप' म्हणतो, वर 'मलाच यातलं फारसं कळत नाही' अशी पुस्तीही जोडतो. शब्दांपेक्षा हातांवर विश्वास ठेवा.

किती जण हवेत? नील्सन आणि टॉम लँडॉअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशेबात एका युजरकडून सरासरी ३१ टक्के दोष उघडकीस येतात, आणि पाच जणांत सुमारे ८५ टक्के. पण ही सरासरी आहे, हमी नाही. वापरणारे दोन अगदी वेगळ्या प्रकारचे असतील तर दोन्हींतले लोक वेगवेगळे घ्यावे लागतात. एकदम पंधरा जण बसवण्यापेक्षा पाच जणांची टेस्ट, मग दुरुस्ती, मग नवे पाच, असे तीन फेरे कितीतरी जास्त देतात. दुसऱ्या फेरीत कळतं की पहिल्या दुरुस्तीने नवीनच भानगड उभी केली आहे. असं होतंच.

पायरी ६ : कागद, आणि त्यानंतर फिग्मा

टेस्टमधून निघालेल्या एकाच दोषावर उपाय काढा, पण चार-पाच वेगवेगळे आणि तेही पेनाने कागदावर. कागदाचा फायदा असा की तो टाकून द्यायला जीव तुटत नाही. शिवाय कच्चं रेखाटन पाहून लोक मोकळेपणाने बोलतात. पॉलिश केलेला स्क्रीन दाखवला की बोलणं रंग आणि फॉन्टवर घसरतं. कागदाचे स्क्रीन एकापाठोपाठ पुढे सरकवून टेस्टही घेता येते. बोट हाच माउस.

यातला एखादा उपाय तग धरून राहिला की फिग्मात या. तिथे दोन पथ्यं पाळा. पहिलं, खरा मजकूर भरा. नमुन्याच्या मजकुरात प्रत्येक नाव आटोपशीर बसतं, खऱ्या माणसाचं नाव मात्र दोन ओळींवर जातं. दुसरं, सगळं सुरळीत असतानाचा एकच स्क्रीन काढून थांबू नका. यादी रिकामी असेल तर? नेटवर्क गेलं तर? पैसे कापले गेले पण पावती आली नाही तर? नवख्यांच्या कामात हे स्क्रीन नसतातच, आणि लोक नेमके तिथेच हतबल होतात.

एरर मेसेज लिहायचा सराव तर वेगळा बसून करा. 'अवैध इनपुट' यातून कुणालाच काही कळत नाही. 'मोबाइल क्रमांक १० अंकी हवा, तुम्ही ९ अंक टाकले आहेत' यातून काय झालं आणि काय करायचं, दोन्ही कळतं. हा मेसेज त्या रकान्याला लागून दाखवा, पानाच्या डोक्यावर नको. आणि रकान्याचं नाव रकान्याच्या आत फिक्या अक्षरांत लिहायची फॅशन सोडा. टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं, आणि मध्येच फोन आला तर परतल्यावर माणूस विचारतो, 'इथे काय भरत होतो मी?'

पायरी ७ : माउस काढून ठेवा

तुमचा स्क्रीन फक्त कीबोर्डवर वापरून बघा. टॅब दाबत गेल्यावर आपण कुठे आहोत ते दिसतं का? मग मजकूर २०० टक्के मोठा करा आणि काय तुटतं ते पाहा. शेवटी फोनमधला टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय) चालू करून, डोळे मिटून तेच काम करा. नुसतं 'बटण, बटण, बटण' ऐकू आलं की नावं न दिलेल्या आयकॉनचं दुखणं समजतं.

डब्ल्यूसीएजी या, अपंगांनाही वेबसाइट वापरता याव्यात यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. तिच्या एए पातळीप्रमाणे (ए, एए, एएए यांतली मधली) साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडातला फरक, किमान ४.५:१ हवा, मोठ्या मजकुराचा ३:१. दाबायची जागा, काही अपवाद सोडता, किमान २४ बाय २४ पिक्सेल हवी. बोटासाठी ही जागा लहानच पडते. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात ४८ डीपी आणि अ‍ॅपलच्या ४४ पॉइंट (दोन्ही स्क्रीनवरच्या मापाची एककं) सुचवलेले आहेत, तेच धरा. फक्त रंगाच्या भरवशावरही काही सांगू नका. लाल-हिरवा फरक न दिसणारे लोक तुम्हाला वाटतात त्याहून बरेच जास्त असतात.

पायरी ८ : मोजा, पण थोडकंच

काम किती जणांना जमलं, किती वेळ लागला, कुठे चुकले, हे तीन आकडे दुरुस्तीच्या आधी आणि नंतर टिपा. पाच जणांच्या टेस्टवरून टक्केवारी मात्र काढू नका. 'पाचपैकी दोघांना जमलं' असंच लिहा.

समाधान मोजायला एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही प्रश्नावली पुरेशी आहे. जॉन ब्रुक यांनी ती १९८६ मध्ये तयार केली. दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. विषम क्रमांकाच्या विधानांच्या गुणांतून १ वजा करायचा, सम क्रमांकांचे गुण ५ मधून वजा करायचे, सगळ्यांची बेरीज करून २.५ ने गुणायचं. उत्तर ० ते १०० मध्ये येतं, पण ते टक्के नव्हेत. सरासरी ६८ च्या आसपास असते, त्यामुळे ७० आले म्हणजे बेताचंच आहे. काय बिघडलंय हे एसयूएस सांगत नाही, त्यासाठी पाचव्या पायरीतली टिपणंच उघडावी लागतात.

आणि पोर्टफोलिओ?

एवढं केलंत तर पोर्टफोलिओतला पहिला प्रकल्प तयारच आहे. त्यात रंगीत चिकटचिठ्ठ्यांचे फोटो आणि 'संशोधन, कल्पना, डिझाइन' असे बाणांचे गोल नसले तरी चालतं. सगळ्यांचे सारखेच दिसतात. त्याऐवजी जुना स्क्रीन लावा, त्यावर माणूस कुठे थांबला आणि काय म्हणाला ते लिहा, मग तुमचे दोन टाकून दिलेले उपाय आणि ते का टाकले ते, आणि शेवटी नव्या स्क्रीनवर काय सुधारलं आणि काय अजून तसंच आहे ते. मुलाखतीत प्रश्न येतात ते या शेवटच्या भागावरच. टेस्टला बसलेल्यांची नावं, चेहरे आणि आवाज मात्र त्यात कुठेही ठेवू नका. 'सहभागी ३' एवढीच ओळख पुरते, आणि परवानगीत कबूल केलेली मुदत संपली की रेकॉर्डिंग पुसून टाका.